केजची घटका

निजामी अमलात बालाघाटावरील केजच्या मुलुखात दिवस एकच असला तरी त्याची गणना दुहेरी चाले; सरकारी दफ्तरात फसली सन आणि आजूर, दय, बहमन हे महिने, तर जोशीबुवांच्या पंचांगात शालिवाहन शक आणि चैत्र-वैशाख. शेतसाऱ्याची मुदत एका गणनेने ठरे, लग्नाचा मुहूर्त दुसरीने, आणि रयत दोन्ही बिनतक्रार सांभाळी.

मुहूर्ताचे साधन होते घटिकापात्र. बुडाला अतिसूक्ष्म छिद्र असलेली ती तांब्याची वाटी, सूर्यबिंब अर्धे अस्तास जाताच, हळदकुंकू वाहून घंगाळातील पाण्यावर सोडीत. पाणी आत चढता चढता ती जड होई, कलंडल्यासारखी होऊन बुडे, आणि तेव्हा एक घटका, म्हणजे 24 मिनिटे, भरे. वाटीला तळाशी नेणारी शक्ती पृथ्वीच्या गुरुत्वाची. आमच्या पूर्वजांनी काळ गुरुत्वाच्या हाती सोपवला होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. शिवाय हा काळ सर्वस्वी गावचा होता, कारण त्याचा आरंभ गावच्याच क्षितिजावर होई. 1 जानेवारी 1906 रोजी साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, त्या वेळेने केजचा मध्यान्ह सरासरी 26 मिनिटे उशिरा, म्हणजे घटकेहून किंचित अधिक अंतराने येतो. मुंबईने तर आपली निराळी वेळ 1955 पर्यंत सोडली नाही!

परंतु प्रमाणवेळेने साधलेले ‘आत्ता’चे ऐक्य ही राज्यकारभाराची सोय होती, निसर्गाला ते मान्य नाही, हे आइन्स्टाइनने 1905 साली ओळखले. गुरुत्वाच्या उगमाजवळचे घड्याळ दूरच्या घड्याळापेक्षा मंद चालते, हे त्याला 1907 साली उमगले. हार्वर्डच्या अवघ्या साडेबावीस मीटर उंचीच्या मनोऱ्यात पाउंड आणि रेब्का यांनी 1960 साली त्याचा पडताळा घेतला. शंभर मीटरांच्या चढाला हा फरक वर्षाकाठी सेकंदाच्या तीस लाखाव्या भागाएवढा पडतो. तेव्हा गंगथडीच्या, म्हणजे गोदाकाठच्या, सखल शिवारापेक्षा बालाघाटाचे पठार काळात पुढेच सरकत असते. सूर्य दोघांना एकाच वेळी दिसला, तरीही.

फरक क्षुद्र खरा, पण वीस हजार किलोमीटर उंचीवरील स्थाननिश्चितीच्या उपग्रहांची घड्याळे, त्यांच्या वेगामुळे येणारी मंदता वजा जाऊनही, दिवसाला 38 मायक्रोसेकंद पुढे जातात, आणि तेवढ्या अवधीत प्रकाश अकरा किलोमीटर चालतो. उपग्रहापासूनचे अंतर प्रकाशाच्या प्रवासकाळावरूनच काढतात, म्हणून ही घड्याळे आधीच तेवढी मंद लावून ठेवावी लागतात. आणि ज्या जमिनींचा सारा एके काळी फसली सनात लिहिला जाई, त्यांच्या हद्दीची मोजणी आज याच उपग्रहांच्या आधारे होते.