चाळिशीनंतरचं लुगडं

वय वाढलेल्या बाईने काय नेसावं, हे मराठी घरांत फार काळ ती स्वतः ठरवत नव्हती. जात, वय आणि नवरा हयात आहे की नाही, यांवर तिचं लुगडं ठरे. ब्राह्मण घरांत नवरा गेला की केशवपन, अंगावर तांबडं आलवण आणि चोळीला कायमची रजा. सोवळी झालेली बाई विशीची असो की साठीची, वेश तोच.

या रूढीला धक्के एकोणिसाव्या शतकातच बसू लागले. 1890 मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. पण अंगावरचा वेश उतरवायचा म्हणजे घरच्यांशी, नातलगांशी आणि स्वतःच्या मनाशीही झगडा होता. पार्वतीबाई आठवले यांनी तो केला. त्यांचा जन्म 1870 चा. त्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी बाया कर्वे यांच्या धाकट्या बहीण. ऐन तारुण्यात वैधव्य आलं, केशवपन झालं. पुढे महर्षी कर्वे यांच्या विधवांसाठीच्या आश्रमासाठी त्या गावोगाव वर्गणी गोळा करत हिंडल्या आणि चाळिशीच्या सुमारास त्यांनी पुन्हा केस वाढवले, सोवळ्या विधवेचा वेश सोडला. नंतर त्या अमेरिकेलाही जाऊन आल्या. 1928 च्या ‘माझी कहाणी’त त्यांनी आपलं आयुष्य स्वतः मांडलं आहे. प्रौढ वयात आपल्या दिसण्याचा निर्णय आपणच घेणाऱ्या मराठी बाईची इतकी ठसठशीत नोंद क्वचितच सापडेल.

सवाष्णींचा बदल वेगळ्या वाटेने आला. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. कमरेशी गाठ मारायची, पुढे निऱ्या घालायच्या, त्यांचा ओचा खोवायचा आणि काष्टा दोन पायांमधून मागे घेऊन कमरेला घट्ट बसवायचा. परकर लागत नाही, पाय मोकळे राहतात. भात लावणारी, डोक्यावर पाटी घेऊन धावणारी, जात्यावर बसणारी बाई त्यात सहज वावरे. कष्टकरी घरांत ते पोटरीपर्यंत खोचलेलं, उच्चवर्णीय घरांत घोट्यापर्यंत सोडलेलं. रोजच्याला सुती लुगडं आणि खणाची चोळी. सणाला इरकली, ऐपत असेल तर पैठणी.

विसाव्या शतकात शाळा-कॉलेजांतल्या मुली पाचवारी नेसू लागल्या. काष्टा नसलेलं म्हणून ते ‘गोल पातळ’. त्याला परकर हवा, चोळीच्या जागी पोलकं किंवा ब्लाउज. दुसऱ्या महायुद्धात कापडावर नियंत्रण आलं, तेव्हा निम्म्याहून थोड्याच जास्त कापडात होणारी पाचवारी परवडणारीही होती. मुलींनी गोल पातळ सहज उचललं. खरा प्रश्न त्यांच्या आयांचा होता. काष्ट्याची सवय मुरलेल्या बाईला पाय झाकणारं पातळ नेसून चालणं अवघड जाई. कुणी पन्नाशीत पाचवारी घेतली, कुणी फक्त बाहेर जाताना, कुणी अखेरपर्यंत नऊवारी सोडली नाही. एकाच घरात सासू काष्ट्यात आणि सून गोल पातळात, हे दृश्य कित्येक वर्षं टिकलं.

पुढच्या काळात तर दोन्ही वस्त्रं स्वतःची ओळख म्हणून मिरवली गेली. लता मंगेशकर यांनी पांढरी, काठाची साडी आयुष्यभर जपली. व्यासपीठावर त्या येताच ती नजरेत भरे. सिंधुताई सपकाळ डोक्यावर पदर घेऊन नऊवारीतच देशोदेशी भाषणं करत फिरल्या. एकीने पाचवारी निवडली, दुसरीने नऊवारी, आणि वय वाढलं म्हणून कुणीच तिला मुरड घातली नाही.

पंजाबी ड्रेसच्या वेळी पुन्हा तोच प्रवास झाला. आधी मुली, मग नोकरी करणाऱ्या बायका, मग गुडघे दुखतात, बसमध्ये चढायला सोपं पडतं म्हणून साठीच्या आज्या. “या वयात शोभतं का?” हा प्रश्न त्यांनाही ऐकावा लागला. त्यांनी तो ऐकला आणि ओढणी सारखी करून बाहेर पडल्या.

हा इतिहास सरकारी दप्तरांत फारसा सापडायचा नाही. तो जुन्या फोटोंत आणि बायकांच्या आठवणींत आहे. घरातल्या आजीला, मावशीला, आत्याला विचारा: नऊवारी कधी सोडलीत, पहिला ड्रेस कधी घातलात, तेव्हा कोण काय म्हणालं? आणि त्या सांगतील ते फोटोमागे लिहून ठेवा, सालासकट.