टेलिफोन एक्स्चेंजची पिन आणि माझे तीन संगणक

भिलाईहून बोलतोय.

इंदूर, नागपूर, बेळगावकडचे श्रोते विचारतात की या गप्पांचं मुद्रण घरच्या घरी कसं करता. माझ्याकडे तीन जुने संगणक आहेत. एकावर पाहुणा व्हिडिओ कॉलवर येतो, दुसऱ्यावर जुन्या कॅसेटींवरून उतरवलेले आवाज वाजतात, तिसरा सगळं मुद्रित करतो. पाहुणे बहुतेक ऐंशीच्या पुढचे. १९५५ च्या करारानंतर सोव्हिएत मदतीनं इथला पोलाद कारखाना उभा राहिला, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली, आणि पुढच्या काही वर्षांत नोकरीला आलेली ही मराठी माणसं. त्यांना ‘पुन्हा एकदा सांगा’ म्हणता येत नाही. दमतात, आणि दुसऱ्यांदा सांगताना निम्मं गाळतात. म्हणून तिन्ही आवाज एकत्र, पहिल्याच फेरीत, स्वच्छ यायला हवेत.

हा प्रश्न संगणकाहून फार जुना आहे. संगणकाला हेडफोन लावता ती पिन टेलिफोन एक्स्चेंजमधून आली. एकोणिसाव्या शतकातले ऑपरेटर पाव इंची पिन भोकात खुपसून दोन गिऱ्हाइकं जोडत. तिचं बारकं रूप, साडेतीन मिलिमीटरचं, ट्रान्झिस्टरच्या इअरफोनबरोबर आणि १९७९ नंतर वॉकमनबरोबर घरोघर पोचलं. मी सिग्नल्सचा माणूस. फील्ड एक्स्चेंजवर तीन ठाणी एकदम जोडली की प्रत्येकाचा आवाज बारीक व्हायचा आणि साहेब लोक आणखी मोठ्यानं ओरडायचे. ओरडून उपयोग नसे. एका लाइनीचा भार दुसरीवर पडत होता.

सिनेमावाल्यांचा मार्ग निराळा. कोल्हापुरात प्रभातनं १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ केला, तेव्हा नट कॅमेऱ्यासमोरच गात. त्या काळी वाजवणारे कॅमेऱ्याच्या नजरेआड पण माइकच्या टप्प्यात बसत. कुणाचा आवाज जास्त झाला तर त्याला दोन पावलं मागं सरकवायचं, हेच मिक्सिंग. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं ‘धूप छांव’मध्ये पार्श्वगायन आणलं, आणि गाणं आधी वेगळं मुद्रित करण्याची वाट मोकळी झाली.

आता आपल्या टेबलावर या. दोन संगणकांचे आउटपुट थेट एकमेकांना जोडू नका. बाजारातली ‘वाय’ केबल एकाचे दोन करायला असते, दोनाचा एक करायला नाही. आउटपुटचा अंतर्गत रोध फार कमी असतो, त्यामुळे एकाचा प्रवाह दुसऱ्याच्या पोटात शिरतो. आवाज फाटतो, कधी चिपही जाते. उपाय रुपया-दोन रुपयांचा: प्रत्येक वाहिनीच्या तारेत एक किलोओहमचा रेझिस्टर. दोन स्टिरिओ संगणकांना चार लागतात. रेझिस्टरच्या पुढं डावी डावीला, उजवी उजवीला, भुई भुईला जोडायची, आणि ती जोडतार तिसऱ्याच्या निळ्या लाइन-इन भोकात. प्रत्येक आवाज साधारण निम्मा होतो, तो मुद्रण करताना वाढवून घ्यायचा. पॉवर हाऊसच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणारा कुणीही हे अर्ध्या तासात डाग देऊन करील. लॅपटॉपला बहुधा लाइन-इन नसतं. त्याला यूएसबीचं साउंड कार्ड घ्यावं, पण त्यावर लाइन-इन आहे ना, हे बघून.

मग घूं ऽ ऽ असा आवाज येतो. ही पन्नास हर्ट्‌झची वीज, दोन संगणकांच्या अर्थिंगमधून फिरणारी. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घूं गेली तर दुखणं तेच. सगळे प्लग एकाच पट्टीवर घ्या. तरीही राहिली तर गाड्यांच्या म्युझिक सिस्टिमवाल्याकडे छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो. त्याच्यावर बऱ्याचदा ६०० ओहम लिहिलेलं असतं. तो आकडा जुन्या टेलिफोन तारांचा. पूर्वजांनी नातवाला दिलेला.

तरुण मंडळी म्हणतात, काका, तारा कशाला, नेटवर्कवरून पाठवा. पाठवता येतं. विंडोजवर व्हॉइसमीटर, लिनक्सवर जॅक, दोन्ही बिनखर्ची. पण प्रत्येक संगणकाचं घड्याळ आपापलं चालतं. लाखात पाचाचा फरक असला तरी तासाभरात जवळजवळ सेकंदाचा पाचवा हिस्सा सरकतं, आणि ते सावरताना मध्येच कट्ट होतं. फौजेत मोहिमेआधी सगळे घड्याळं जुळवून घेत, ते उगाच नव्हे. संगणक वेगळ्या खोल्यांत असतील तर नेटवर्क, तेही वायफाय नको, लॅन केबल. एकाच टेबलावर असतील तर माझं मत तारेला. तारेत घड्याळ नसतं.

एक पथ्य मात्र पाळा. तिसऱ्या संगणकातला एकत्र आवाज पाहुण्याकडे परत जाता कामा नये. स्वतःचं बोलणं क्षणभरानं कानावर आलं की म्हातारा माणूस वाक्य अर्धं टाकून गप्प बसतो. म्हणून माझ्यासमोर दोन माइक असतात, एक कॉलच्या संगणकाला आणि एक मुद्रणाच्या. पाहुण्याचा आवाज मी हेडफोनवर ऐकतो, स्पीकर बंद.