आधी भांडवल, मग पाळणा

मद्रासच्या झोपडपट्ट्यांत पूरग्रस्तांसाठी काम करताना काँग्रेस कार्यकर्त्या जया अरुणाचलम यांना दिसलं, की भाजी, मासळी, फुलं विकणाऱ्या बायकांची दिवसभराची कमाई सावकाराच्या व्याजात जाते. पक्षाचं राजकारण सोडून त्यांनी १९७८ साली ८०० जणींना घेऊन ‘वर्किंग वुमेन्स फोरम’ सुरू केला.

शेजारणींचा गट, एकमेकींना जामीन आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं ४ टक्क्यांचं कर्ज, अशी सुरुवात झाली. मुंबईत प्रेमाताई पुरव यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ १९७५पासून खाणावळवाल्या बायकांसाठी याच वाटेनं चाललं होतं. बँकेचे हेलपाटे वाचावेत म्हणून फोरमनं १९८१मध्ये स्वतःची सहकारी संस्था काढली. पुढे वेल्लोरच्या विडी कामगार आणि आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकाही सभासद झाल्या.

कर्जामागोमाग आरोग्य आणि कुटुंबनियोजनाचं काम आलं. बाळंतपणात टोपली घरी बसते, हप्ता थकतो. पण मूल जगेल याची खात्री नसेल, म्हातारपणी मुलाशिवाय आधार नसेल, तर पाळणा लांबवा असं कुणी कितीही सांगो, ते पटत नाही. म्हणून ते सांगायला वस्तीतल्याच सभासद बायका घरोघर गेल्या. हुंड्याला विरोध आणि आंतरजातीय विवाहांना पाठिंबा हेही फोरमचंच काम होतं.

सरकारही हलत होतं. मुख्यमंत्री कामराजांनी १९५६मध्ये शाळेत दुपारचं जेवण सुरू केलं, नंतरचे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२मध्ये ते वाढवलं. पोर शाळेत जेवू-शिकू लागलं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच तामिळनाडूचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, दोनच्या आसपास आला. श्रेय एकट्या फोरमचं नाही. शिवाय या घसरणीत नसबंदीचा भार मुख्यतः बायकांनीच उचलला.

अरुणाचलम २०१९मध्ये गेल्या. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तामिळनाडूचा दर १.८ होता, महाराष्ट्राचा १.७. लोकसंख्या कमी वाढल्यानं मतदारसंघांच्या फेररचनेत राज्याच्या जागा घटतील, या चिंतेतून मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी २०२५मध्ये नवदांपत्यांना लवकर मूल होऊ द्या, असं सांगितलं. पाळणा लांबवा म्हणणाऱ्यांना फोरमनं विचारायला लावलेले प्रश्न लवकर हलवा म्हणणाऱ्यांनाही चुकत नाहीत: बाईच्या हाती पैसा किती, आणि ती कामावर गेल्यावर मूल सांभाळायचं कुणी?