'हेबियस कॉर्पस' : एका लॅटिन वाक्प्रयोगाचा उगम आणि अर्थविकास

प्रस्तावना :
न्यायालयीन व्यवहारात रुळलेल्या अनेक लॅटिन संज्ञा म्हणजे जुन्या इंग्लिश आज्ञापत्रांतील कळीचे शब्द होत. 'मँडामस' म्हणजे 'आम्ही आज्ञा करतो'. 'क्वो वॉरंटो' म्हणजे 'कोणत्या अधिकाराने'. याच परंपरेतील 'हेबियस कॉर्पस' या वाक्प्रयोगाचा मूळ अर्थ व त्याला कालांतराने प्राप्त झालेला आशय यांतील अंतर स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शब्दार्थ व उगम :
'हेबियस' हे 'जवळ असणे' या अर्थाच्या क्रियापदाचे द्वितीय पुरुषी एकवचनी विध्यर्थी रूप असून 'कॉर्पस' म्हणजे शरीर. 'त्या व्यक्तीस सदेह हजर कर' असा आदेश त्यातून अभिप्रेत होता. तेराव्या शतकात इंग्लंडमधील न्यायालये संबंधित व्यक्तीस आपल्यासमोर आणविण्यासाठी हे शब्द वापरीत. बंदिवानाच्या मुक्ततेचा हेतू त्यात नव्हता. या संज्ञेचा संबंध १२१५ च्या मॅग्ना कार्टाशी जोडला जातो. तथापि त्या सनदेत हे शब्द आढळत नाहीत.

अर्थांतर :
सतराव्या शतकात हेच आज्ञापत्र अटकेचे कारण विचारण्याचे साधन बनले. १६२७ मध्ये सक्तीचे कर्ज देण्यास नकार दिल्यामुळे कैदेत पडलेल्या पाच सरदारांनी त्याचा आश्रय घेतला. परंतु राजाज्ञा हेच पुरेसे कारण मानून न्यायालयाने त्यांना मुक्त केले नाही. त्याची प्रतिक्रिया १६२८ च्या 'पिटिशन ऑफ राइट'मध्ये उमटली आणि १६७९ च्या कायद्याने या उपायास बळकटी आणली.

मुंबई इलाख्यातील संघर्ष :
१८२८ मध्ये पुण्यातील मोरो रघुनाथ या अल्पवयीन मुलास हजर करण्यासाठी मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाने असेच आज्ञापत्र काढले. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या सरकारने त्याची अंमलबजावणी होऊ दिली नाही. पुणे न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राबाहेर आहे, ही सरकारची भूमिका होती. न्यायाधीश सर जॉन पीटर ग्रँट यांनी १८२९ मध्ये निषेधार्थ न्यायालयाचे कामकाजच थांबविले. अखेरीस प्रिव्ही कौन्सिलने न्यायालयाविरुद्ध निर्णय दिला. इंग्लंडमध्ये स्वातंत्र्याची हमी ठरलेले शब्द वसाहतीत अधिकारक्षेत्राच्या सीमेवर अडले, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

स्वातंत्र्योत्तर काळ :
भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३२ व २२६ मध्ये या प्राधिलेखाचा नामनिर्देश आहे. मात्र २८ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणीच्या काळात, सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक अशा बहुमताने स्थानबद्धांना हा मार्ग नाकारला. न्या. एच. आर. खन्ना यांचे एकमेव भिन्नमत होते. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ च्या अंमलबजावणीचा हक्क आणीबाणीतही अबाधित ठेवला. तर २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने जबलपूरचा निर्णय रद्दबातल ठरविला.

निष्कर्ष :
मराठीतील 'देहोपस्थिती' हा पर्याय लॅटिन शब्दार्थाशी जुळतो, तर 'बंदी प्रत्यक्षीकरण' हा पर्याय नंतरचे कार्य सूचित करतो. म्हणजेच या संज्ञेचा आजचा आशय तिच्या व्युत्पत्तीतून सिद्ध होत नाही; तो सत्ता आणि न्यायालय यांच्यातील प्रदीर्घ संघर्षातून घडला आहे. १८२९ व १९७६ ही वर्षे दाखवितात की, शब्द कायम असतानाही त्यामागील संरक्षण लोप पावू शकते. म्हणून अशा वाक्प्रयोगांचे अध्यापन करताना शब्दकोशातील अर्थास इतिहासाची जोड देणे आवश्यक ठरते.