गुपिताची किल्ली

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकास, सालेकसा तालुक्यांत, छत्तीसगडच्या सीमेलगत कचारगड नांवाचा डोंगर आहे. दरेकसा हें जवळचें रेल्वे स्टेशन, व धनेगांव हें पायथ्याचें गांव. डोंगराच्या पोटांत एक विशाल नैसर्गिक गुहा असून गोंड समाज तिला आपल्या धर्माचें उगमस्थान मानतो. दर वर्षीं माघी पौर्णिमेच्या सुमारास तेथें यात्रा भरते, आणि नुसत्या महाराष्ट्रांतूनच नव्हे तर मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण या प्रांतांतूनहि लोक झाडीची वाट तुडवीत गुहेपर्यंत येतात.

या गुहेची कथा तेथें सांगितली जाते ती अशी. काली कंकाली मातेचीं तेहतीस मुलें फार व्रात्य निघालीं, म्हणून शंभूनें त्यांना या गुहेंत कोंडून दारावर प्रचंड शिळा लोटली. मातेच्या शोकाला पार राहिला नाहीं. कुपार लिंगो व जंगो रायताड यांनीं मुलांच्या सुटकेचा विचार केला. पण शिळा बाहेरून कोणाच्यानें हालेना. तेव्हां हिरासुका पाटालीर नांवाच्या वादकानें दाराशीं उभें राहून किंगरी वाजविली. तिच्या सुरांनीं आंतल्या मुलांच्या अंगीं बळ संचारलें, त्यांनीं एकजुटीनें शिळा रेटली, आणि दार मोकळें झालें. मात्र गडगडत आलेल्या त्या शिळेखालीं हिरासुका स्वतःच चिरडला गेला. मुक्त झालेल्या मुलांना लिंगोनें शिकवण दिली व त्यांतून गोंडांची गोत्रव्यवस्था उभी राहिली.

ही कथा निरनिराळ्या मुखीं निरनिराळी झालेली आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं एका प्रधानाकडून उतरवून घेतलेली लिंगोकथा त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं प्रसिद्ध केली. तींतहि गोंड गुहेंत कोंडले जातात व तोंडाशीं शिळा बसते. परंतु तेथें लिंगो तपश्चर्या करतो, एका भयंकर सर्पाला मारून बिंदो पक्ष्याचीं पिलें महादेवाकडे आणतो, व तेव्हां बंदिवानांची सुटका होते. दार एकच, परंतु एका परंपरेंत त्याची किल्ली तप व पराक्रम ही आहे, तर दुसरींत ती सूर ही आहे.

आतां प्रश्न असा कीं, एखादी गोष्ट लपवावी ती कशासाठीं? आपल्या इतिहासांत याचीं दोन उत्तरें ठळक आहेत. गडाला चोरदिंडी ठेवीत ती शत्रूला कळूं नये म्हणून; १६८९ सालीं रायगडाला मोंगलांचा वेढा पडला असतां राजाराम महाराज गडाबाहेर निसटले, तें अशा आडवाटेच्या बळावर. दुसरें लपविणें धनाचें; जमिनींत पुरलेला हंडा धन्याखेरीज कोणाला सांपडूं नये, हाच त्याचा हेतु. परंतु याहून निराळी अशी तिसरी जातहि आहे: सांपडावी म्हणूनच लपविलेली वस्तु. जी कधींच कोणाला सांपडली नाहीं, तिच्यासंबंधीं लपविणाराचा हेतु फसला असेंच म्हणावें लागेल.

पुराणकथेंतील गुपितांविषयीं ही चौकशी फार पुढें नेतां येत नाहीं. शिळा कोणी घडविली व किल्लीची बातमी प्रथम कोणी कोणाला सांगितली, हें विचारावयास कोणी उरलेलें नसतें. सुदैवानें या तिसऱ्या जातीच्या गुपितांचें एक अगदीं अर्वाचीन दालन आपल्या डोळ्यांसमोर उभें राहिलें आहे. त्याचे कर्ते, त्याचीं यंत्रें व त्याचीं सालें तपासून पाहतां येतात. तें दालन म्हणजे आकाशयुद्धाचे व्हिडिओ गेम. विषय पोरकट वाटला तरी वाचकांनीं क्षणभर धीर धरावा. गुपित जन्माला कसें येतें व पसरतें कसें, हें येथें जितकें स्पष्ट दिसतें तितकें अन्यत्र क्वचितच दिसेल.

१९७८ सालीं जपानांतील तैतो कंपनीनें तोमोहिरो निशिकादो यांचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ बाहेर काढला. परग्रहावरील पंचावन्न आक्रमक ओळी करून वरून खालीं सरकत येतात, आणि खेळणारानें खालच्या तोफेनें ते टिपावयाचे. मधूनमधून वरच्या कडेनें एक तबकडी जाते. ती पाडली तर कधीं पन्नास, कधीं शंभर, तर कधीं तीनशें गुण मिळतात. प्रथम हें सर्व दैवाधीन वाटलें. परंतु मोजणारे निघालेच! त्यांना आढळलें कीं यंत्र आपण झाडलेल्या गोळ्या मोजीत असतें. तेविसावी गोळी, व त्यानंतरची प्रत्येक पंधरावी, तबकडीला लागली तर हटकून तीनशें गुण पदरांत पडतात. लोक ज्याला नशीब म्हणत होते, तें वस्तुतः गणित होतें.

त्याच खेळांत दुसरेंहि एक छिद्र सांपडलें. आक्रमकांची गोळी त्यांच्या देहाच्या थोडी खालीं प्रकट होते. म्हणून ते तोफेच्या अगदीं डोक्यावर येऊन ठेपले कीं त्यांच्या गोळ्या तोफेला लागतच नाहींत. पराभव एका पावलावर असतांनाच पूर्ण अभय! ही जिवावरची युक्ति जपानांत ‘नागोया’ या शहराच्या नांवानें प्रसिद्ध झाली. ती कर्त्यानें ठेवलेली नव्हती. घर बांधतांना गवंड्याकडून राहिलेल्या फटींतून चंद्र दिसावा, तशांतला हा प्रकार.

१९८१ च्या ‘गॅलगा’ या नाम्को कंपनीच्या खेळांत अशीच फट होती. आरंभींच्या तुकडींतील डावीकडचीं दोन भुंग्यांसारखीं शत्रूयानें न मारतां शिल्लक ठेवावीं व सुमारें पाव तास नुसता त्यांचा मारा चुकवीत राहावें. मग तीं गोळ्या झाडणें थांबवितात, व पुढें त्या डावांत कोणताच शत्रु गोळी झाडीत नाहीं. याचें कारण सरळ आहे. शत्रूच्या गोळ्यांसाठीं यंत्राच्या स्मृतींत मोजक्याच जागा राखलेल्या असतात. पडद्याच्या अगदीं कांठाशीं गेलेल्या कांहीं गोळ्यांची जागा परत मोकळी होत नाहीं, आणि अशा रीतीनें एकेक जागा अडकून अखेर शत्रूची कोठी रिकामी पडते. येथें किल्ली शौर्य नव्हे, तर हात आवरून धरणें ही आहे!

यांतील एकहि गुपित यंत्रावर लिहिलेलें नव्हतें. पण गुपितांना मागणी आहे हें पाहून कर्तेहि शहाणे झाले. १९८३ च्या आरंभीं जपानांत सर्वत्र पसरलेल्या ‘झेव्हियस’ या खेळाचे रचनाकार मासानोबु एंदो यांनीं जाणूनबुजून भूमींत वस्तु पुरून ठेविल्या. वरून पाहतां रिकामें रान दिसे. परंतु योग्य ठिकाणीं बॉंब टाकला तर जमिनींतून मनोरा वर येई, किंवा एखादें निशाण प्रकट होई, आणि तें उचललें कीं एक यान जास्त मिळे. मग काय, खेळणारे शत्रूला सोडून जमीनच खणूं लागले. सांपडलेल्या जागा लोक वह्यांत टिपून ठेवीत, एकमेकांना दाखवीत. याच साऱ्या भरांत सातोशी ताजिरी या तरुणानें १९८३ सालीं खेळांतील युक्त्यांचें ‘गेम फ्रीक’ नांवाचें हस्तलिखित नियतकालिक काढलें. पुढें त्याच नांवाची कंपनी झाली व तिच्याकडून १९९६ सालीं ‘पोकेमॉन’ हा जगप्रसिद्ध खेळ निघाला. पुरलेल्या निशाणांनीं केवळ गुण दिले नाहींत. त्यांनीं लेखक, वाचक व पुढचे रचनाकार घडविले.

गुपितांचा आणखी एक प्रकार म्हणजे कारागिरानें स्वतःसाठीं ठेवलेली किल्ली. ‘ग्रॅडियस’ हा कोनामी कंपनीचा खेळ १९८६ सालीं घरगुती यंत्रावर आणतांना काझुहिसा हाशिमोतो यांना तो तपासणें जड जाऊं लागलें, कारण खेळ फार कठीण होता. म्हणून त्यांनीं बटणांचा एक क्रम आंत घालून ठेविला: वर, वर, खालीं, खालीं, डावें, उजवें, डावें, उजवें, आणि शेवटीं दोन बटणें. तो दाबला कीं यानाला सर्व शस्त्रें एकदम मिळत. खेळ विक्रीस गेला तेव्हां हा क्रम काढावयाचा राहून गेला. हाशिमोतो २०२० सालीं वारले. त्यांचा क्रम मात्र जगभर बोटांच्या टोकांवर जिवंत आहे. १९८८ च्या ‘कॉंट्रा’ या खेळांत त्यानेंच तीनाचे तीस जीव होत, आणि १९९० नंतरच्या दशकांत नकली यंत्रें व त्यांच्या कॅसेटी आपल्या शहरांतून व तालुक्यांतून विकल्या जाऊं लागल्या, तेव्हां तो आपल्याहि मुलांपर्यंत पोंचला. माहितीपुस्तिका नाहीं, इंग्रजी धड येत नाहीं. परंतु वरच्या वर्गांतल्या दादानें सांगितलेला तो क्रम बाराखडीसारखा पाठ!

आतां जो प्रकार राहिला तो या सर्वांत हृदयस्पर्शी आहे. त्या काळीं अमेरिकेंतील अटारी कंपनी खेळ रचणारांचीं नांवें प्रसिद्ध करीत नसे. याच कारणानें १९७९ सालीं तिचे चार कसबी रचनाकार बाहेर पडून त्यांनीं ‘ॲक्टिव्हिजन’ ही स्वतःची कंपनी काढली. जे आंत होते त्यांच्यांतील कांहींनीं दुसरा मार्ग धरला. वॉरन रॉबिनेट यांनीं १९८० च्या ‘ॲडव्हेंचर’ या खेळांत एक गुप्त खोली ठेवून तींत आपलें नांव लिहिलें व कंपनीला न सांगतां ते निघून गेले. एका मुलानें ती खोली शोधून कंपनीला पत्रानें कळविलें, तेव्हां तेथील वरिष्ठांनीं अशा गुपितांना ‘ईस्टरचें अंडें’ असें लाडकें नांव देऊन टाकलें. ‘यार्स रिव्हेंज’ या १९८२ च्या आकाशयुद्धाच्या खेळांत हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांनीं आपलीं आद्याक्षरें सुलट व उलट अशीं लपविलीं. आणि या सर्वांच्या आधीं, १९७७ सालीं, ‘स्टारशिप वन’ या अटारीच्या आकाशयुद्धाच्या यंत्रांत रॉन मिल्नर यांनीं एक युक्ति ठेविली होती. ती साधली तर पडद्यावर रॉनला नमस्कार करणारी एक ओळ उमटे व दहा डाव फुकट मिळत. ती चाळीस वर्षें जगाला ठाऊक नव्हती. २०१७ सालीं एड फ्राइस यांनीं जुन्या यंत्राची संकेतावली तपासून ती उघडकीस आणली, तोंवर बहुतेक यंत्रें भंगारांत गेलेलीं होतीं.

वेरूळचें कैलास लेणें ज्या शेंकडों हातांनीं कोरलें, त्या हातांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत. मिल्नर व रॉबिनेट यांचीं गुपितें म्हणजे अशा अनाम हातांनीं दगडाच्या पाठीमागें ओढलेली एक रेघ होय. शिळा बंद करणारा कोण, हें लोक विसरतात. आंत जो अडकला आहे तो मात्र हांक मारीतच असतो. ही हांक ऐकूं येण्यास बाहेर कोणी तरी कान देऊन उभा असावा लागतो.

या सर्व उदाहरणांतून माझ्या मतें एकच निष्कर्ष निघतो. गुपिताचें मूल्य कुलुपाच्या मजबुतींत नसतें. तें किल्ली हातोहात पुढें जाण्यांत असतें. नागोयाची युक्ति कोणी ठेविली नव्हती, तरी ती टिकली, कारण ती सांगणारे होते. मिल्नरची ओळ कर्त्यानें स्वहस्तें ठेविली होती, तरी ती मरणाच्या दारीं पोंचली, कारण ती सांगणारा कोणी नव्हता. यंत्राच्या बाबतींत निदान एक आधार उरतो. सांगणारांची सांखळी तुटली तरी संकेतावली मागें राहते, आणि चाळीस वर्षांनीं का होईना, एखादा चिकाटीचा मनुष्य ती वाचून गुपित परत मिळवितो.

कचारगडच्या कथेला असा आधार नाहीं. तिची संकेतावली प्रधानांच्या कंठांत व किंगरीच्या तारांत आहे. २०११ च्या जनगणनेंत गोंडी ही मातृभाषा सांगणारांची संख्या सुमारें २९ लाख ८४ हजार भरली. आंकडा लहान नाहीं, तरीहि या भाषेला घटनेच्या आठव्या अनुसूचींत स्थान नाहीं. डॉ. मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या अभ्यासकानें गोंडी भाषा व पुनेम यांवर जन्मभर लिहिलें, आणि हिस्लॉपचें टिपण तर दीडशें वर्षांपूर्वींचें आहे. परंतु हिस्लॉपच्या पानांतून शब्द मिळतात, सूर मिळत नाहीं. आणि कचारगडची कथा तर सांगते कीं दार सुरानेंच उघडलें. जो गाणारा आज यात्रेंत किंगरी खांद्याला लावतो, त्याच्या शेजारीं बसून शिकणारा कोणी पोर आहे कीं नाहीं, यावर त्या दाराचें भवितव्य अवलंबून आहे. झेव्हियसच्या पुरलेल्या निशाणांची नोंद ठेवण्यासाठीं मुलांनीं वह्या भरल्या. त्या मानानें आपल्याच जिल्ह्यांतील या ठेव्यासाठीं किती वह्या भरल्या गेल्या, याचा हिशेब आपण मराठी वाचकांनीं एकदां मांडून पाहावा.

आणि तो मांडतांना हिरासुकाचें स्मरण ठेवावें. यंत्रांतील गुपित उघडणाराला गुण मिळतात, दहा डाव फुकट मिळतात. हिरासुकाला शिळा मिळाली. तरी गोंड समाजानें त्याचें नांव दडपूं दिलें नाहीं. ज्यानें दार उघडलें त्याचें नांव, आंतून बाहेर आलेल्यांनीं, पिढ्यानुपिढ्या घेत राहणें हाच गुपिताचा खरा हप्ता होय, आणि तो फेडणें अद्याप चालू आहे.