शकुंतलेचे रूळ

मोडकी, टाकून दिलेली वाहनं दिसली की माझा हात आपोआप कॅमेऱ्याकडे जातो. कोकणातल्या खाडीत चिखलात कलंडलेली होडी, घाटाखाली पडलेला ट्रकचा सांगाडा.. गंजाचे रंग फोटोत फार छान येतात हो! आमच्या वर्धा जिल्ह्यात समुद्र नाही, म्हणून गलबतं नाहीत. पण इथे एक अख्खी रेल्वेच टाकून दिली गेली. पुलगाव ते आर्वी, ३५ किलोमीटर. लोक तिला शकुंतला म्हणतात.

ही गाडी माणसांसाठी नव्हे, कापसासाठी आली. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि साहेबाचं लक्ष वऱ्हाड-नागपूरकडे वळलं. १८६७ साली मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे पुलगाव, वर्धा करत नागपूरला पोचली. मुख्य लाइनीपासून दूर राहिलेला कापूस ओढून आणायला पुढे छोटे फाटे काढले गेले. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे, आणि १९१७ मध्ये पुलगावहून विरूळ, रोहणा करत आर्वीकडे. रूळ सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचे, कंपनीचा कारभार मुंबईच्या किलिक निक्सनकडे, आणि गाड्या चालवणार जीआयपी.

खरी मेख इथेच आहे. १९२५ मध्ये जीआयपी सरकारच्या ताब्यात गेली, १९५१ मध्ये तिची मध्य रेल्वे झाली, पण शकुंतलेचे रूळ कंपनीचेच राहिले. स्वतंत्र भारताची रेल्वे खाजगी रुळांवरून गाडी चालवायची आणि त्याचा मोबदला कंपनीला द्यायची. भाड्याच्या घराचं होतं तसंच झालं. भाडेकरू म्हणतो घर माझं नाही, मालक म्हणतो राहतो तो बघेल. छप्पर गळतं ते गळतंच.

त्यात हे रूळ अडीच फुटी आणि मुख्य लाइन साडेपाच फुटी. म्हणजे आर्वीहून आलेली प्रत्येक गाठ पुलगावला उतरवायची आणि मोठ्या डब्यात पुन्हा चढवायची. ट्रकला ही भानगड नव्हती, तो थेट गिरणीच्या दारात जायचा. कापूस रस्त्याने जाऊ लागला आणि गाडीत उरली ती फक्त माणसं. त्यांच्यासाठी ती बांधलेलीच नव्हती!

रोहण्याच्या बाजूला बाभळीत शिरून फोटो काढत होतो, तेव्हा शेतातून एक म्हातारबाबा आले.
"कायचा फोटो काढून राह्यले भाऊ? काहीच नाही तिथं आता."
मी म्हटलं, "बाबाजी, तेच काढतोय."
ते हसले नाहीत. म्हणाले, "गाडी गेली अन् आमचं आर्वीले जाणंच महाग झालं."
शकुंतलेचं तिकीट एसटीपेक्षा पुष्कळ स्वस्त असायचं. मजुराला बाजार, दवाखाना, लेकीचं सासर परवडायचं ते त्या तिकिटामुळे.

जुनं जपायचं नाही असंही नाही आपल्याकडे. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचं छान संग्रहालय आहे, छोटी इंजिनं रंगवून उभी केलेली. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावर १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबलं. त्याचं कौतुक पुष्कळ झालं, व्हायलाच हवं. पण इंजिन जपता येतं, स्वस्त तिकीट कसं जपणार? आर्वीची गाडी आधी थांबली, मागाहून यवतमाळ आणि अचलपूरच्याही थांबल्या.

गंजाच्या फोटोची एक गंमत आहे. बघणाऱ्याला वाटतं, हे सगळं काळाने केलं. वादळात होडी फुटली तर वादळाला दोष देता येतो. इथे वादळ नव्हतं. होते ते करार, मोबदला, आणि रुळांवर कुणी खर्च करायचा हा वर्षानुवर्षं न सुटलेला प्रश्न. म्हणून हल्ली मी अशा फोटोखाली गाव आणि सालाबरोबर मालकाचंही नाव लिहून ठेवतो.

असो. तुमच्या गावाजवळून असा एखादा फाटा गेला असेल तर जरूर बघून या. आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांना तिकीट किती होतं ते विचारायला विसरू नका.