स्कूबी-डू, भुतं आणि संशोधनाचा प्रश्न

भुताटकीचा तपास करणारे अनेक हौशी लोक सांगतात की ही आवड लहानपणी कार्टून बघून लागली. आता इतिहासात जाऊन बघूया, कारण कार्टून-कार्टूनमध्ये फरक आहे.

१३ सप्टेंबर १९६९ ला अमेरिकेत सीबीएसवर 'स्कूबी-डू, व्हेअर आर यू!' सुरू झालं. हॅना-बार्बेरासाठी ते जो रुबी आणि केन स्पिअर्स यांनी रचलं. तेव्हा पालकांच्या संघटना शनिवार सकाळच्या कार्टूनमधल्या हाणामारीवर चिडल्या होत्या, त्यामुळे वाहिन्या सौम्य मालिका शोधत होत्या. भुताची भीती आणि विनोद हा त्यावरचा तोडगा. गोष्टीचा साचा ठरलेला: भूत दिसतं, पोरं पुरावे गोळा करतात, सापळा लावतात, मुखवटा काढतात, आत माणूस निघतो. भूत दिसल्यामुळे कोणाचा फायदा होतोय, हा त्यातला खरा प्रश्न. कार्ल सेगन यांनी १९९५ च्या 'द डिमन-हॉन्टेड वर्ल्ड'मध्ये याच कारणासाठी या कार्टूनची बाजू घेतली.

पुढे १९८४ चा 'घोस्टबस्टर्स' हा सिनेमा आला आणि १९८६ पासून त्यावरचं कार्टून. इथे भूत खरं असतंच. प्रश्न फक्त ते कोणत्या यंत्राने पकडायचं एवढाच. २००४ मध्ये अमेरिकेत 'घोस्ट हंटर्स' ही मालिका सुरू झाली. त्यातले मुख्य तपासनीस दिवसा प्लंबिंगची कामं करायचे आणि रात्री हातात ईएमएफ मीटर घ्यायचे. हा मीटर विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजतो. भिंतीतल्या वायरिंगजवळही काटा हलतो. काटा हलला म्हणजे भूत, हे आधी सिद्ध कोणी केलंय? आपल्या भाषेत सांगायचं तर हा वैधतेचा, म्हणजे व्हॅलिडिटीचा घोळ. उपकरण अचूक असेल, पण आपण मोजतोय ते नक्की काय?

याचं उत्तम उत्तर कार्टूनच्या शंभरेक वर्षं आधीच मिळालं होतं. १८५३ मध्ये इंग्लंडमध्ये टेबलाभोवती हात ठेवून बसायचं आणि टेबल आपोआप फिरतं म्हणायचं, असं वेड पसरलं होतं. मायकेल फॅरेडेने टेबल आणि हातांच्या मध्ये पुठ्ठ्याचे थर मऊ डिंकासारख्या पदार्थाने चिकटवून ठेवले. टेबलाने हात ओढले असते तर खालचे थर आधी सरकले असते, सरकले वरचे. म्हणजे ढकलत होते हातच, बसलेल्यांच्या नकळत. मग त्याने हाताची हालचाल दाखवणारा काटा जोडला. लोकांना तो दिसू लागला तसं टेबल फिरायचं थांबलं. त्याने कोणाला खोटारडं म्हटलं नाही. दोन शक्यतांमधून वेगवेगळे निकाल निघतील अशी मांडणी केली, बस्स.

मग कार्टूनमुळे आवड लागते का? 'तपासनीस झालेल्यांनी कार्टून बघितलं होतं' एवढ्यावर तसं म्हणता येत नाही. तेच कार्टून बघून बँकेत नोकरी करणारे कितीतरी आहेत, त्यांना आपण विचारलेलंच नाही. शिवाय लंडनची सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च १८८२ ची. तिच्या संस्थापकांनी कुठलं कार्टून बघितलं होतं? कार्टून कुतूहलाला एक आकार देतं, इतकंच सावधपणे म्हणता येईल.

पीएचडीचा प्रस्ताव लिहिताना हे तपासा: माझं गृहीतक चुकीचं असेल तर माझ्या प्रयोगात वेगळं काय दिसेल? उत्तर 'काहीच नाही' असेल, तर उपकरणाची ऑर्डर देण्याआधी प्रश्न पुन्हा लिहा.